विचारून सांगतो

खोली बघून झाली, आवडली, पाणी किती वाजता येतं आणि वीज किती वेळा जाते हेही विचारून झालं. मी म्हटलं, “मग चाचा, एक तारखेपासून येऊ ना राहायला?” आमचे होणारे घरमालक दाढीवरून हात फिरवत समुद्राच्या दिशेला बघत राहिले आणि म्हणाले, “विचारून सांगतो.”

मला वाटलं, घरात विचारत असतील. नऊ दिवस गेले. मी शिकवायला लागले होते ती तिथली शाळा सुरू झाली होती. पेणच्या अलीकडच्या आमच्या गावाहून दोन गाड्या बदलून मी रोज यायचे, घामाघूम होऊन वर्गात शिरायचे आणि मनातल्या मनात त्या माणसाचा उद्धार करायचे. दहाव्या दिवशी निरोप आला, या. ते कोणाला विचारत होते हे मला दोन महिन्यांनी कळलं. त्यांनी इंटरनेटवर विचारलं होतं. एकट्या हिंदू बाईला, जी खोलीत देव मांडील आणि उदबत्ती लावील, तिला घर भाड्यानं देणं जायज आहे का, म्हणजे धर्मात चालतं का. दूरच्या कुठल्याशा शहरातल्या मुफ्तीसाहेबांनी चालतं म्हणून लिहिलं. त्यांच्या कृपेनं मी रेवस आणि किहीमच्या मधल्या त्या गावात, मोहल्ल्याच्या टोकाच्या घरात सहा वर्षं राहिले.

माणूस दिसायला धिप्पाड होता. तीस वर्षं मालवाहू बोटींवर काढलेली, शेवटी सारंग, म्हणजे सगळ्या खलाशांचा मुकादम. वादळात दोरखंड ओढणारे ते हात होते. आणि असा माणूस गॅसचं बटण बंद आहे का हे तीनदा बघायचा. नमाजच्या आधी हातपाय धुताना कोपर कोरडं राहिलं असेल या शंकेनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायचा, कधीकधी चार-चार वेळा. गळ्यात दोरी, दोरीला पारदर्शक पिशवी, पिशवीत मोबाइल. वाडीत नारळ उतरवून घेत असले तरी तो मोबाइल छातीवर आपटत असायचा. मध्येच थांबून ते पिशवीवरूनच बोट फिरवायचे आणि कपाळाला आठी पडायची.

बायको वारलेली, मुलगा दोह्याला. घरात ते आणि त्यांची धाकटी बहीण. तिला मूलबाळ नव्हतं, नवरा गेल्यावर ती भावाकडे आली ती आलीच. मी तिला आपा म्हणायचे. आपा बारीक, काटक आणि जिभेची तिखट. भाऊ चौथ्यांदा कोपर धुवायला लागला की आतून ओरडायची, “भाई, आता पुरे कर. टाकी रिकामी झाली तर त्याचा हिशोब कोन देनार?”

एकदा मी न राहवून विचारलं, “चाचा, इतकी कसली काळजी?”

“बोटीवर बरं होतं बाई,” ते म्हणाले. “वरनं हुकूम यायचा. नांगर टाक, टाकला. उचल, उचलला. चुकलं तर कॅप्टनचं चुकलं. आता घरी बसलो तर हुकूम देनारा कोन हाय? रोज पन्नास गोष्टी माज्या मनानं कराव्या लागतात. कयामतीला विचारलं, हे कुनाला विचारून केलंस, तर काय सांगू?”

ज्या संकेतस्थळावर ते विचारायचे तिथे रोज सकाळी नऊ वाजता प्रश्नांची खिडकी उघडायची आणि ठरलेल्या संख्येइतके प्रश्न आले की बंद व्हायची. पाच-सात मिनिटांत खेळ खलास. प्रश्न उर्दूत किंवा इंग्रजीत लिहायचा. चाचा आमच्याच शाळेत सातवीपर्यंत मराठीत शिकलेले. कुराण अरबीत वाचायचे, उर्दू बोलायचे, पण लिहायची म्हटली की अडायचे. मी येण्याआधी ते काम बाजारातला झेरॉक्सवाला करायचा. त्यालाही बिचाऱ्याला वीट आला असावा. मग घरात आयतीच इंग्रजीची बाई राहायला आली. नऊला पाच मिनिटं कमी असताना माझ्या दारावर टकटक व्हायची. मी वेणी घालता घालता दार उघडायचे. चाचा वही घेऊन उभे. वहीत प्रश्न नंबर घालून लिहिलेले, अक्षर सुरेख, शाळेतल्या फळ्यावरच्या सुविचारासारखं.

काय काय विचारलं नाही त्यांनी! डास मारायची विजेची बॅट वापरावी का, कारण जिवंत प्राण्याला आगीनं जाळायला मनाई आहे आणि त्या बॅटीत ठिणगी उडते. सलामाला उत्तर म्हणून कोणी नुसता अंगठा पाठवला तर उत्तर पोचलं म्हणायचं का. मोबाइलमध्ये कुराण असेल तर तो घेऊन संडासात जावं का. शेजाऱ्याचा माड आपल्या वाडीत वाकलेला आहे, त्याचा नारळ आपल्या अंगणात पडला तर तो कोणाचा. या नारळाचं उत्तर यायला बारा दिवस लागले. तोवर नारळ अंगणात होता तिथेच. त्याला कोणी हात लावायचा नाही, वाट वळसा घालून. शेजारी पाटील शेवटी कुंपणावरून म्हणाले, “अरे बाबा, माझा नारळ हाय, मी तुला दिला, आता तरी उचल!” चाचा म्हणाले, “विचारून सांगतो.”

आमच्या शिक्षकांच्या खोलीत हे मी सांगितलं की लोक हसायचे आणि मग एकदम गप्प व्हायचे. फतवा हा शब्द आला की चेहरे बदलायचे. एक सर तर हलक्या आवाजात म्हणाले, “मॅडम, जपून राहा हो.” घरी आईचंही तेच. चाचांना हे मी सांगितलं तेव्हा त्यांना वाईट वाटलेलं दिसलं. “फतवा म्हटलं की तुमच्या लोकांना वाटतं कुनाची तरी मुंडी उडवायची हाय,” ते म्हणाले. “अवो, मानसानं विचारलं, जानकारानं सांगितलं, त्याला फतवा म्हनतात. तुमी भटजींना मुहूर्त विचारता ना? आता ही डासांची बॅट, हिच्यात कुनाची मुंडी उडाली, डासाशिवाय?”

उत्तरं माझ्या ईमेलवर यायची. मी ती मराठीत सांगायचे. प्रत्येक उत्तराच्या शेवटी एक वाक्य ठरलेलं असायचं, आणि खरं काय ते अल्लाच जाणतो. हे वाक्य आलं की चाचा अस्वस्थ व्हायचे. इतकं सगळं सांगून शेवटी हात वर का करतात, असं त्यांना वाटायचं. मग ते दुसऱ्या संकेतस्थळावर तोच प्रश्न शोधायचे. तिथे उलटं उत्तर निघालं की दिवसभर जेवायचे नाहीत.

हे उलटसुलट मोहल्ल्यातही चालायचं. मोहल्ल्याचा व्हॉट्सॲप गट होता. आखातातून सुट्टीवर आलेली पोरं एका शेखची चित्रफीत टाकायची, इथली पोरं दुसऱ्या मौलानांची. मग आवाजी निरोपांची फैर झडायची. पैगंबर जयंतीचा शिरा खावा की खाऊ नये यावरून दोन चुलतभाऊ महिनाभर बोलत नव्हते. चाचा दोन्ही बाजूंचे सगळे निरोप ऐकायचे, दोन्हीकडचं त्यांना पटायचं आणि दोन्हीकडची भीती वाटायची. खरं सांगायचं तर ती भीती खरजेसारखी होती, शेजारी बसणाऱ्यालाही लागायची. मी, जिला देवाच्या बाबतीत संकष्टीपलीकडे काही माहीत नाही, तीसुद्धा सकाळी बॅट हातात घेऊन विचार करत बसायला लागले.

कोळंबीचं प्रकरण झालं ते मी आल्याच्या दुसऱ्या वर्षी. त्यांनी विचारलं, कोळंबी खाणं जायज आहे का. उत्तर आलं, यात मतभेद आहेत, न खाणं बरं. झालं. समुद्र दारात, आणि घरात कोळंबी बंद. सोडे, म्हणजे सुकवलेली कोळंबी, तीही बंद. आपाचा संताप संताप झाला. तिच्या हातच्या सोड्यांच्या खिचडीसाठी लांबून लोक यायचे. ती म्हणाली, “आपला बाप कोळंबी खाऊन ऐंशी वर्षांचा झाला, पाच वक्ताचा नमाजी होता, तो काय जहन्नममध्ये बसलाय?” चाचांनी खाली मान घातली. पण हुकूम तो हुकूम. दीड वर्ष त्या माणसानं कोळंबीला बोट लावलं नाही. आपा आपल्यापुरती करायची, आणि वास सुटला की चाचा वाडीत जाऊन माडांना पाणी घालत बसायचे, भर पावसाळ्यातसुद्धा.

शेवटी मशिदीचे खतीब घरी आले. म्हातारे, बारीक डोळ्यांचे, गावातले निकाह आणि जुम्म्याचं प्रवचन त्यांच्याकडे. चहा पिता पिता त्यांनी चाचांना सोडलं आणि मलाच विचारलं, “बाई, त्या फॉर्मात मजहबचा रकाना असतो, तिथं तुमी काय भरता?”

कसला रकाना? मी मोबाइल काढून बघितलं. नाव, गाव, ईमेल, आणि खाली एक छोटा चौकोन, त्यात आधीपासूनच काहीतरी निवडलेलं. मी त्याला कधी हात लावला नव्हता.

खतीबांनी वाकून बघितलं आणि ते हसले. त्यांनी मला समजावून सांगितलं. सुन्नी मुसलमानांत चार मजहब, म्हणजे धर्म समजून घ्यायच्या चार वाटा. चारही खऱ्या, पण बारीकसारीक गोष्टी वेगळ्या. उत्तरेकडे बहुतेक लोक हनफी. कोकणातले मुसलमान पिढ्यान् पिढ्या शाफई. “कोळंबी चालते का, हा वाद त्यांच्यात हाय. आपल्यात समुद्रातलं सगळं चालतं. तुमी आल्यापासनं याला हनफी म्हनून विचारताय.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या चौकोनात पहिलं नाव हनफी होतं आणि मी ते तसंच पाठवत आले होते, शंभरावर प्रश्न. चाचांनी माझ्याकडे बघितलं. ओरडतील असं वाटलं, पण ते ओरडले नाहीत. त्यांचा चेहरा उतरला तो वेगळ्याच हिशोबानं. “म्हंजी सगळे प्रश्न परत विचारायचे,” ते म्हणाले. आणि खरोखर आम्ही ते सगळे परत विचारले, बॅटीपासून नारळापर्यंत, रोज सकाळी नऊ वाजता, रकाना नीट भरून. मला नाही म्हणायला तोंडच उरलं नव्हतं. कोळंबीचं नवं उत्तर आलं त्या दिवशी आपानं पातेलंभर कालवण केलं आणि भावाच्या पानात वाढत राहिली. चाचा मान वर न करता जेवले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तिखटामुळे असं त्यांनी मला दोनदा सांगितलं.

त्यानंतरच्या वर्षी आपाचे पाय सुजायला लागले. आधी वाटलं उभं राहून राहून. मग चेहरा सुजला, अन्न नकोसं झालं. अलिबागला नेलं तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही किडन्या गेल्यात जमा आहेत. आठवड्यातून दोनदा रिक्षानं अलिबाग, चार तास सुई टोचून यंत्राला बांधून पडायचं आणि परत. वर्षभरात ती तिखट बाई अर्धी झाली. बोलायची ताकदही राहिली नाही. चाचा चौथ्यांदा हात धुवायला लागले तरी आतून आवाज येईना, तेव्हा ते स्वतःच थांबायचे आणि आतल्या दाराकडे बघायचे.

मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, किडनी बसवली तर वाचेल, नाहीतर हे असं फार दिवस चालणार नाही. चाचांच्या मुलाचं रक्त जुळत नव्हतं. चाचांचं जुळलं. साठी उलटलेली, पण बोटीवरचं शरीर, सगळ्या तपासण्यांत उत्तम निघाले. डॉक्टरांनी विचारलं, द्याल ना? मी सोबत गेले होते, म्हणून माझ्या कानांनी ऐकलं. चाचा म्हणाले, “विचारून सांगतो.”

परतीच्या लाँचमध्ये, भाऊच्या धक्क्यापासून रेवसपर्यंत, मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. धक्क्यावर उतरल्यावर मात्र माझा तोल गेला. आपा रिक्षात बसायला पुढे गेली होती. मी म्हटलं, “चाचा, नारळ आणि बहीण यांत काही फरक आहे की नाही? सरळ सांगा ना, द्यायची नाही म्हणून!”

ते रागावले नाहीत. पाण्याकडे बघत म्हणाले, “बाई, द्यायची नसती तर विचारलं कशाला असतं? तिथंच न्हाय म्हनालो असतो, सुटलो असतो. द्यायची हाय म्हनून भीती वाटतीया.”

खतीबांना विचारलं. त्यांनी हातातली जपमाळ खाली ठेवली. मग म्हणाले, “यात दोन्ही बाजूला मोठे मोठे आलिम, धर्माचे जानकार हायत. कोन म्हनतो शरीर अल्लाची अमानत हाय, आपल्या मालकीचं न्हाय, तर देनार कसं. कोन म्हनतो, एक जीव वाचवला तर त्याहून मोठं पुन्य न्हाय, देनाऱ्याला धोका नसंल तर द्यावं. मी लहान मानूस. पन माझी भैन असती तर मी आधी सही केली असती आनि मग विचारलं असतं.”

“हे तुमचं मत झालं खतीबसाब,” चाचा म्हणाले. “हुकूम न्हाय झाला.”

मोहल्ल्याच्या गटात हा विषय गेला आणि नुसता गदारोळ. एकानं सहा आवाजी निरोप टाकले, सगळे अमानतीवर. दुसऱ्यानं आखातातल्या कुठल्या परिषदेचा ठराव टाकला, जायज आहे म्हणून. तिसऱ्यानं ज्याला त्याला काफिर ठरवायला सुरुवात केली, तेव्हा गट बंद करावा लागला. ते सगळं आपाच्याही मोबाइलवर येत होतं, हे कोणाच्या लक्षातच आलं नाही. दुसऱ्या दिवशी तिनं मला बोलावलं. उशीला टेकून बसली होती. म्हणाली, “भाईला सांगा, जायज नसंल तर मला नको. दुसऱ्याची चोरलेली वस्तू पोटात घेऊन मी सिजद्यात डोकं कसं टेकू? गेले तर जाईन.” मी म्हटलं, “आपा, असं बोलू नका.” तिनं माझा हात धरून ठेवला. तिचा हात गार होता.

म्हणजे आता सगळं एका उत्तरावर आलं. चाचांनी वहीत प्रश्न लिहिला तो दोन पानांचा झाला. बहिणीचं वय, आजार, डॉक्टर काय म्हणाले, मुलाचं का जुळलं नाही, आपल्या तब्येतीला धोका किती, सगळं. मी त्याचं इंग्रजी केलं, तीन वेळा तपासलं, रकान्यात शाफई निवडलं आणि ते बघायला चाचांना लावलं. ठीक नऊ वाजता पाठवला. ऑपरेशनची तारीख सतरा दिवसांवर होती.

त्या दिवसांत माझं शिकवण्यात लक्ष नव्हतं. दर तासाला मोबाइल उघडायचा, काही नाही, पुन्हा ठेवायचा. मुलं कवितेचा अर्थ विचारत होती आणि मी भलत्याच कडव्याचा सांगत होते. चाचा मला काही विचारत नव्हते. संध्याकाळी मी फाटकातून आत आले की ओट्यावरून एकदा माझ्या तोंडाकडे बघायचे आणि मान फिरवायचे. तेच जास्त जिवावर यायचं.

उत्तर चौदाव्या दिवशी आलं, मधल्या सुट्टीत. मी जिन्याखाली उभी राहून वाचलं. माणसाचं शरीर त्याच्या मालकीचं नाही, जिवंतपणी अवयव काढून देणं आमच्या मते जायज नाही. काही आलिमांचं मत वेगळं आहे, पण आमचं मत हे. बहिणीचे इतर उपचार करावेत, आम्ही तिच्यासाठी दुआ करतो. आणि खरं काय ते अल्लाच जाणतो.

पहिला विचार आला तो हा, की खोडून टाकावं. आलंच नाही म्हणावं. दुसरा विचार आला, उलटंच सांगावं. कोणाला कळणार होतं? इंग्रजी वाचणारी त्या घरात मीच होते. रकाना चुकीचा भरून दीड वर्ष मी एका माणसाच्या ताटातली कोळंबी काढली होती, आता एक शब्द फिरवून एक जीव वाचत होता. मी तसं ठरवूनच घरी निघाले. वाटेत चारदा वाक्य घोळवलं, ‘चाचा, आलं, जायज आहे.’

ओट्यावर चाचा पिशवी भरत होते. दोन लुंग्या, तांब्या, जपमाळ. मी फाटक लावलं आणि त्यांनी मान वर केली.

“न्हाय म्हनालेत ना?” ते म्हणाले.

मी काही बोललेच नव्हते.

“होय असतं तर तुमी रस्त्यावरनंच ओरडत आल्या असत्या. वाचा.”

आणि माझ्याच्यानं खोटं बोलवलं नाही. मी वाचलं. त्यांनी मधलं एक वाक्य पुन्हा वाचायला लावलं, काही आलिमांचं मत वेगळं आहे ते. मग शेवटपर्यंत ऐकलं. “बरं,” म्हणाले, उठले आणि टोपी घालून मशिदीकडे गेले. मी ओट्यावरच बसून रडले. आपा आत झोपली होती. मला त्या माणसाचा राग आला होता, त्या मुफ्तींचा आला होता आणि सगळ्यात जास्त माझा. एक वाक्य बोलता आलं नाही मला.

तिसऱ्या दिवशी सकाळी रिक्षाचा आवाज आला. मी दात घासत बाहेर आले. आपा बुरखा घालून, मांडीवर फाइल घेऊन रिक्षात बसलेली. चाचा पिशवी आत सरकवत होते. गळ्यात नुसती दोरीची खूण होती, मोबाइल नव्हता. तो नंतर मला माझ्या दाराच्या कडीला लटकलेला मिळाला. आपानं हात हलवला, “बाई, कोंबड्यांना दानं टाका!” किती दिवसांनी तिचा आवाज इतका मोठा ऐकला. रिक्षा रेवसच्या रस्त्याला लागली. चाचांनी माझ्याकडे बघितलं नाही. मला वाटलं, त्यांनी बहिणीची समजूत काढली असेल, काही आलिमांचं मत वेगळं आहे म्हणून. कशी काढली, ते विचारायची वेळ नव्हती.

पुढचे दोन दिवस कसे गेले ते मला सांगता येणार नाही. तिसऱ्या दिवशी दोह्याहून आलेल्या त्यांच्या मुलाचा फोन आला, दोघंही ठीक. चार महिने ती दोघं मुंबईत नातेवाइकांकडे राहिली. परत आली तेव्हा आपाच्या गालावर मांस धरलं होतं आणि जिभेवर धार. फाटकातूनच तिनं मला सुनावलं, कोंबड्या वाळल्यात म्हणून.

चाचा मात्र बदलले. मी मोबाइल परत दिला तर त्यांनी तो कपाटात ठेवला. सकाळी नऊची टकटक बंद झाली. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण मी वेणी घालून दाराशी उभी राहायचे. नारळ पडला की ते उचलून पाटलांच्या कुंपणावर ठेवायचे, न विचारता. डास बॅटीनं मारायचे. नमाज मात्र लांबला. पाच वक्ताचा तर होताच, त्याशिवाय दुपारी, भलत्याच वेळेला, ओट्याच्या कोपऱ्यात सिजद्यात पडलेले दिसायचे, कितीतरी वेळ, खांदे हलताना. आपा म्हणायची, “भाई आता पक्का परहेजगार झाला. किडनी दिली नि वली झाला, तुमच्यातला संत.” आणि हसायची.

एका रविवारी दुपारी दारावर टकटक झाली. हातात वही. मला इतका आनंद झाला की मी हातातलं पीठ न धुताच बाहेर आले. आम्ही ओट्यावर बसलो. आत आपा सोडे निवडत होती, ताटलीचा आवाज येत होता.

“लिहा,” चाचा म्हणाले. “एका मानसाला आलिमांनी एक काम न्हाय करू म्हनून सांगितलं. त्यानं ते केलं. आता तो रोज तौबा करतो.”

मी लिहिलं.

“तौबेच्या अटी असतात बाई. केल्याचा पस्तावा व्हायला पायजे. परत करनार न्हाय असा पक्का इरादा पायजे. हा मानूस सिजद्यात पडतो, रडतो, माफी मागतो. पन आतनं भैनीचा आवाज आला की पस्तावा होत न्हाय. कितीबी केलं तरी होत न्हाय. तर त्याची तौबा कबूल होते का?”

मी लिहीत राहिले.

“आनि लिहा, परत वेळ आली तर परत देईल.”

“चाचा, आता एकच राहिली आहे.”

“म्हनून तर लिहा म्हनतो. समदं खरं सांगायला पायजे.”

लिहून झाल्यावर मी नेहमीसारखं मराठीत मोठ्यानं वाचून दाखवायला लागले, आलिमांनी नाही म्हणून सांगितलं... तर त्यांनी झटकन माझ्या मोबाइलवर हात ठेवला आणि आतल्या दाराकडे बघितलं. ताटलीचा आवाज चालूच होता.

“हळू,” ते म्हणाले. “तिला मी सांगितलंय, फतवा आला, जायज हाय. बाईंनी वाचून दाखवला म्हनालो. त्याशिवाय ती टेबलावर झोपली नसती.”

मी त्यांच्याकडे बघत राहिले. गॅसचं बटण तीनदा बघणारा तो माणूस.

“तेबी लिहा त्यात,” चाचा म्हणाले. “त्याचाबी पस्तावा होत न्हाय.”